मनालीचे फोटो छान येतात, नागपूरच्या महाल भागातले का येत नाहीत?

प्रश्न विचारणारा तरुण नागपुरात नोकरी करतो आणि फावल्या वेळात फोटो काढतो. मनाली, केरळ, जैसलमेर इथून आणलेले त्याचे फोटो सगळ्यांना आवडतात. नागपुरात परतला की मात्र कॅमेरा कपाटात जातो, कारण इथे काढण्यासारखं काही सापडत नाही. घरच्यांचे फोटो सपाट येतात. अनोळखी माणसासमोर कॅमेरा उचलायची भीड वाटते. नवीन कॅमेरा घेतला तर यातून काही सुटेल का, असंही त्याने विचारलं आहे.

मीही हौशीच आहे. पोटापाण्याचं काम वेगळं होतं. फोटो काढले ते सकाळी ऑफिसच्या आधी, रविवारी आणि सणावाराला, आणि त्यातले बहुतेक याच शहरात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नवीन कॅमेरा आत्ता घेऊ नका. बाकीचं सविस्तर बोलू.

मनालीत बघण्याचं निम्मं काम जागाच करून देते. बर्फ पांढरा, आकाश निळं, देवदार उभे, आणि तुम्ही सुट्टीवर असल्यामुळे डोळे उघडे. पण तोच फोटो तुमच्या आधी हजारोंनी काढलेला असतो, त्याच वळणावर गाडी थांबवून. महालातली गल्ली अशी मदत करत नाही. तारा लोंबतात, गाड्या आडव्या लावलेल्या असतात, भिंतीभर क्लासेसच्या जाहिराती असतात. तिथे फोटो मिळतो तो ओळखीतून. कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन गल्लीत उतरतं, कोण कुठल्या दारात बसतं, कोणाला फोटो आवडतो आणि कोण रागावतं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच तिथे काही दिसतं. ही ओळख प्रवासातल्या चार दिवसांत होत नाही, घराजवळच होते. म्हणून मी नवख्यांना आधी गाव आणि मग प्रवास असा क्रम सांगतो.

सुरुवात उन्हापासून करा. पुस्तकांतले आणि व्हिडिओंमधले सल्ले बहुतेक थंड देशांतल्या उजेडासाठी असतात आणि आपलं ऊन त्यांना दाद देत नाही. नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या खाली आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली काही वेळ दिसेनाशी होते. त्या उन्हात माणूस उभा केला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर पांढरा डाग, दुसरं काही येत नाही. आता डिसेंबर घ्या. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. मेअखेरीला तेवढं ऊन सकाळी नऊलाच चढलेलं असतं. म्हणजे थंडीत तुम्हाला अख्खा दिवस मिळतो. गल्लीत तिरपी सावली असते, सायकलच्या चाकाची नक्षी रस्त्यावर पडते, कोणाच्या खांद्यावरून उजेड घसरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत जो नागपुरात कॅमेरा काढत नाही, त्याने मनालीला जाऊन उजेड शोधू नये.

संध्याकाळचं सोनेरी ऊनही आपल्याकडे तासभर टिकत नाही. कर्कवृत्ताच्या खाली सूर्य क्षितिजाकडे बराच सरळ उतरतो आणि शेवटचे सहा अंश उतरायला त्याला अर्धा तासही लागत नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा पाचला फुटाळा तलावाच्या काठावर जागा धरलेली हवी. तोवर कोणाचा फोटो कुठल्या बाजूने काढायचा हे ठरलेलं असावं. तिथे पोहोचून कणीस घेतलं, चहा घेतला, मग कॅमेरा काढला, असं करणाऱ्यांना रोज उजेड चुकतो आणि ते फोनला दोष देतात.

उन्हाळ्यात काय करायचं? सावलीत शिरायचं. ओसरी, दुकानाचा ओटा, जुन्या वाड्याचं दार, फ्लायओव्हरची खालची बाजू. बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत असतं, तेच जमिनीवरून आणि समोरच्या भिंतीवरून उसळून आत येतं आणि माणसाच्या चेहऱ्यावर खालून-समोरून मऊ पडतं. मोठा स्टुडिओ लाइट लावून जे करतात ते इथे मे महिना फुकट करून देतो. फक्त माणूस सावलीच्या कडेला, दारापासून हातभर आत बसलेला असावा आणि त्याचं तोंड बाहेरच्या उजेडाकडे असावं. कडुनिंबाखाली मात्र उभं करू नका. गारवा मिळतो, पण चेहऱ्यावर कवडसे पडतात आणि ते नंतर कशानेही निघत नाहीत.

घरचे फोटो सपाट येण्याची कारणं बहुतेक घरांत तीच. दिवा छताला, माणूस भिंतीला चिकटलेला, फोन हातभर अंतरावर. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात साधारण २४ ते २६ मिमी. म्हणून चेहरा फ्रेमभर यावा यासाठी आपण फारच जवळ जातो, आणि जवळ गेल्यामुळे नाक मोठं, कान लहान, कपाळ फुगलेलं दिसतं. हा दोष अंतराचा आहे, लेन्सचा नाही. पाच-सहा फूट मागे सरका आणि दोन पट झूम वापरा. चेहरा लगेच ओळखीचा होतो. मग वरचा दिवा बंद करा, माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, भिंतीपासून चार फूट पुढे आणा. एवढ्याने घरच्या फोटोतलं निम्मं दुखणं जातं. दिवा बंद केल्यावर खोली अंधारी वाटली तरी घाबरू नका. खिडकीचा एकच उजेड चेहऱ्याला गोलाई देतो, ती दोन-तीन बाजूंनी येणाऱ्या उजेडात पुसली जाते.

घरात काढायचं काय, हा खरा प्रश्न. वाढदिवसाचा केक सगळेच काढतात. मार्च सरता सरता कूलर खाली उतरवला जातो, वडील किंवा काका जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नाहीतर वुडवूलच्या नव्या बसवतात, पंप चालतो का ते बघतात, अंगण ओलं होतं, आणि पहिल्या वाऱ्याला वाळ्याचा वास घरभर जातो. हे कोणी काढत नाही. गच्चीवर कुरड्या घालणाऱ्या बायका, त्यांच्या डोक्यावरचे ओले पंचे, राखण करायला बसवलेलं पोर. उन्हात निघण्याआधी आरशासमोर तोंडाला दुपट्टा गुंडाळणारी बहीण, जिचे शेवटी फक्त डोळे उरतात. घराघरांत एसी येतोय आणि कुरड्या दुकानातून येताहेत. वीस वर्षांनी हे फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडेच असतील. मनालीचा बर्फ तेव्हाही कुठेतरी बघायला मिळेल.

तर्री-पोह्यांच्या ठेल्याचा फोटो नागपुरात प्रत्येकाने काढलेला असतो आणि बहुतेकांचा फसतो, कारण वाफ दिसत नाही. वाफ दिसायला दोन गोष्टी लागतात. उजेड वाफेच्या मागून यावा आणि वाफेमागे गडद काहीतरी असावं, सावलीतली भिंत, झाडाचं खोड, दुकानाचा अंधारा आतला भाग. थंडीतल्या सकाळी सातच्या सुमारास ठेल्याभोवती एक फेरी मारा, सूर्य पातेल्याच्या पलीकडे येईल अशा जागी थांबा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढा. मग तीच वाफ पोहेवाल्याच्या चेहऱ्यासमोरून उठताना दिसते. आणि तिथे पुन्हा जा. पहिल्या दिवशी तो कॅमेऱ्याकडे बघेल, कोणीतरी विचारेल, “काहून फोटो काढून राहिले भाऊ, न्यूजवाले हाय का?” चार-सहा वेळा पोहे खाल्लेत की तुमच्याकडे कोणी बघत नाही. फोटो तेव्हा सुरू होतो.

आता भिडेबद्दल. भीड वाटते हे चांगलं लक्षण आहे, ती पूर्ण जाऊ देऊ नका. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा हक्क आहे हे तुम्हाला कळतं म्हणून ती वाटते. त्या भिडेपोटी लांबची झूम लेन्स घेऊन रस्त्यापलीकडून चोरून फोटो काढणं हा उपाय मला मान्य नाही. असे फोटो बघताना अंतर जाणवतं. माणूस बेसावध असतो, आणि बहुतेक वेळा तो गरीबच असतो, कारण बंगल्याच्या व्हरांड्यात बसलेल्या साहेबाचा असा फोटो काढायची आपली हिंमत नसते. हा फरक स्वतःच्या फोटोंमध्ये तपासून बघा.

विचारणं सोपं आहे. “काका, एक फोटो काढू का?” बस. नागपुरात बहुतेकदा उत्तर येतं, “काढा ना बाप्पा.” कधी येतं, “कायले?” आणि या ‘कायले’चं खरं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. “तुम्ही हे काम कसं करता ते मला आवडलं” हे खरं असेल तर पुरतं. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे जायचं, तिथे वाद घालायचा नाही. लहान मुलांचा फोटो असेल तर आई-बापांना किंवा आजीला विचारायचं, मुलांना नाही. मुलं कधीच नाही म्हणत नाहीत.

ही ओळख किती लांब जाऊ शकते याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांमध्ये दीर्घकाळ राहून, फिरून त्यांचं काम आणि त्यांची घरं टिपली. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो बघा. गटारात उतरलेला माणूस तिथे दया मागत नाही, तो तुमच्याकडे बघतो. असं बघणं रस्त्यापलीकडून मिळत नाही.

सराव करायला नागपुरात चितारओळीसारखी जागा नाही. मूर्तिकारांची दुकानं-कारखाने एका ओळीत, आत अर्धवट गणपती, माती, रंग, आणि उजेड फक्त रस्त्याच्या बाजूने. वर सांगितलेली दाराच्या आतली सावली तिथे प्रत्येक कारखान्यात मिळते. फोटो काढण्याआधी थोडा वेळ नुसते बसा. ब्रश धरलेला हात कधी थांबतो, माणूस मागे सरून मूर्तीकडे कधी बघतो, हे बसल्यावर कळतं. डोळ्यांची आखणी चालू असताना बोलू नका, फ्लॅश तर मुळीच मारू नका. अपुऱ्या मूर्तीचा फोटो चालेल का, हेही विचारून घ्या. काहींना चालत नाही. कारखान्यावर निळी-पिवळी ताडपत्री असेल तर चेहरे निळे किंवा पिवळट येतात. तिथे कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे आपोआप रंग जुळवण्यावर, विसंबू नका. रॉ फाइल काढा, म्हणजे रंग नंतर सुधारता येतील अशी कच्ची फाइल, नाहीतर माणसाला ताडपत्रीच्या कडेला, रस्त्याच्या उजेडात येऊन बसायला सांगा.

मारबतीच्या दिवशी याच्या उलट सगळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडेचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत त्या-त्या वर्षीच्या रागाचे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, आणि इतवारी-महालाच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. इथे परवानगी विचारत बसायला वेळ नाही आणि गरजही नाही. लोक रस्त्यावर उतरलेत ते दिसण्यासाठीच. लेन्स रुंद ठेवा, २४ किंवा २८ मिमी, आणि शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली येऊ देऊ नका, कारण तुम्हीही हलत असता आणि समोरचेही. बहुतेक वेळा ढग असतात, त्यामुळे उजेड चहूबाजूंनी सारखा असतो आणि चेहरे काळे पडत नाहीत. सगळे जण मारबतीच्या तोंडाचा फोटो काढतात. मी म्हणेन, तिच्याकडे पाठ करून उभे राहा. “इडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणून ओरडणारे चेहरे, गच्चीवरून वाकलेल्या बायका, आणि गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी लाकडी नंदी सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरणारी पोरं. सोबतच्या मोठ्यांना विचारून त्यांना थांबवा आणि फोटो काढा. नंदी हातात असलेलं पोर जितकं ताठ उभं राहतं तितकं ते शाळेच्या फोटोतही राहत नाही.

ताठ उभं राहण्यावरून पोर्ट्रेटकडे येतो, कारण इथे माझं मत बऱ्याच फोटोवाल्यांपेक्षा वेगळं आहे. हल्ली ‘नॅचरल’, ‘कँडिड’ याचं फार कौतुक चालतं. गावाकडच्या आजीला फोटो काढतो म्हटलं की ती म्हणते, “थांब, लुगडं बदलून येते.” आपण लगेच म्हणतो, “नको आजी, आहे तसंच छान आहे.” कोणासाठी छान? तिला चांगलं लुगडं नेसून, पदर नीट घेऊन, हात मांडीवर ठेवून सरळ बसायचं आहे. आयुष्यात तिचे फोटो मोजकेच निघालेत आणि प्रत्येक वेळी ती अशीच बसली आहे. तिला कसं दिसायचं आहे हे ती सांगते आहे. ते ऐका. तिने लुगडं बदललं की आधी तिच्या मनासारखा फोटो काढा, पूर्ण उंचीचा, समोरून. मग गप्पा सुरू होतात, पदर सुटतो, हात बोलू लागतात, आणि दुसरा फोटो आपोआप मिळतो. माझ्याकडच्या चांगल्या पोर्ट्रेट्समध्ये कितीतरी हे पहिले, ताठ बसलेले फोटो आहेत. त्या ताठपणात माणसाचा मान दिसतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे नागपूरहून मेळघाट, गडचिरोलीकडे जाऊन ‘चेहरे’ आणणं. सुरकुत्यांचा क्लोज-अप, कृष्णधवल, क्लॅरिटी शेवटपर्यंत ओढलेली, आणि खाली ‘आदिवासी’. त्या माणसाचं नाव काय, गाव कोणतं, तो मोहफुलं वेचायला निघाला होता की बाजाराला, काहीच नाही. एवढा सुंदर चेहरा आणि नाव नाही, याचं मला वाईट वाटतं. तंत्र चांगलं असूनही तो फोटो माझ्या लेखी अपुरा राहतो.

चेहऱ्याच्या रंगाबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण आपल्या भागात हे सगळ्यात जास्त बिघडतं. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या उजेडाची सरासरी काढून तिला मध्यम करड्या छटेवर आणू बघतो. त्यामुळे फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर तो फोटो काळपट करतो आणि गडद जास्त असेल तर फिका करतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे धम्मदीक्षा घेतली तिथे महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही लाखो माणसं येतात, घरातल्या म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या बाळापर्यंत, पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरा स्तूप. मीटर गोंधळतो, पांढरं राखाडी करतो आणि सावळे चेहरे पार काळवंडतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, अधिक एक वर न्या, किंवा फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वर ओढा. थोडं आकाश जळालं तर जळू द्या, चेहरा महत्त्वाचा. उलट सावळा चेहरा फ्रेमभर घेतला असेल तर त्याच सेटिंगवर एक तृतीयांश ते अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) खाली या. नाहीतर कॅमेरा त्याला उगाच फिका करतो आणि गालावरची चमक, जी सावळ्या कातडीचं खरं सौंदर्य आहे, ती जाते. त्या गर्दीत तुम्हाला रांगेत उभी कुटुंबं दिसतील, पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशव्या भरून निघालेली माणसं दिसतील. ती तमाशा बघायला आलेली नाहीत आणि त्यांचाही तमाशा होऊ नये. तिथे बरेच जण स्वतःहून म्हणतात, “आमचा काढा ना भाऊ, मागे स्तूप येऊ द्या.” आनंदाने काढा आणि त्यांचा नंबर घेऊन त्याच रात्री पाठवा.

फिल्मच्या काळात अमेरिकेत प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेली कार्डं वापरत. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्यांना. गोरी कातडी बरोबर आली की रंग बरोबर, असा हिशेब होता, आणि काळीसावळी माणसं त्या हिशेबात चुकीची उमटत. आता फिल्म गेली, पण फोनमधल्या ब्युटी मोडने तेच काम हाती घेतलं आहे. लग्नाच्या अल्बममध्ये नवरी दोन छटा उजळवलेली असते आणि तिच्या शेजारी उभी असलेली सख्खी बहीणही तिला ओळखणार नाही अशी दिसते. ब्युटी मोड बंद करा. कोणी “थोडं गोरं करून द्या” म्हणालं तर चेहऱ्यावर उजेड नीट पाडून पुन्हा फोटो काढा. नीट उजेडात काढलेला सावळा चेहरा बघितल्यावर तीच माणसं तो फोटो मागून नेतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

प्रवासाबद्दल मला थोडंच सांगायचं आहे. सराव रामटेकला करा. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, सकाळी निघून दुपारी परत. पहिल्या फेरीत गडावरचं मंदिर, वानरं आणि वरून दिसणारा परिसर येईल. येऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पायऱ्यांवरची फुलवाली, अंबाळा तलावाच्या घाटावर विधी करणारी माणसं, गडाच्या वाटेवर दम लागून बसलेली सासू आणि शेजारी उभी सून दिसू लागतील. एकाच जागेचे वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो शेजारी ठेवा. पुढच्या वेळी मनालीला जाल तेव्हा पहिल्या दिवशी फक्त चाला आणि उजेड बघा. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन जागी परत जा. चार ठिकाणं कमी झाली तरी चालतील. टॅक्सीवाला, होमस्टेची मालकीण, ढाब्यावर भांडी घासणारा पोरगा यांच्याशी बोलल्याशिवाय परतू नका. वाघाच्या सफारीचा मोह नागपुरात सगळ्यांना होतो, ताडोबा-पेंच हाताशी आहेत. जरूर जा, पण फोटोकला तिथे शिकायला मिळेल अशी आशा धरू नका. तिथे जिप्सी कुठे थांबते यावर बहुतेक सगळं ठरतं.

आता सामान. तुमच्याकडे आहे तो फोन किंवा जुना कॅमेरा वर्षभर पुरतो. पुढे घ्यायचंच झालं तर बॉडीपेक्षा एक ५० मिमी एफ १.८ लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं). एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ती साधारण ७५ मिमीसारखी वागते आणि चेहऱ्यांसाठी फार चांगली असते. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतांश काम फिल्म कॅमेऱ्यावर ५० मिमीच्याच लेन्सने केलं. एफ १.८ वर दोन-तीन माणसांचा फोटो काढताना मात्र मागचा चेहरा धूसर होतो. ग्रुपला एफ ५.६ किंवा एफ ८ वर या. कॅमेरा मे महिन्यात गाडीत ठेवू नका, आणि कूलर चालणाऱ्या खोलीतल्या उघड्या कपाटातही नको. कूलरची दमट हवा आणि त्यापाठोपाठ पावसाळा, लेन्समध्ये बुरशी धरायला एवढं पुरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पुड्या वेळोवेळी बदला.

राहिली एक गोष्ट आणि ती मी सगळ्यात वर धरतो. फोटो छापा आणि ज्याचा आहे त्याला नेऊन द्या. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने १२०० गुणिले १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे बावीस लाखांच्या आत. साध्या फोनचा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून लॅबला पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते. प्रिंटच्या मागे माणसाचं नाव, जागा, महिना आणि वर्ष लिहा, पण बॉलपेन दाबून लिहू नका, पुढच्या बाजूने उमटतं.

सध्या आषाढ चालू आहे. चितारओळीत आता मातीचं काम दिसेल, रंग नंतर. येत्या रविवारी सकाळी कॅमेरा पिशवीतच ठेवून एक चक्कर मारा आणि कोणत्या कारखान्यात उजेड कसा येतो ते बघून ठेवा. त्यापुढच्या रविवारी विचारून फोटो काढा. तिसऱ्या वेळी प्रिंट घेऊन जा. पोळा आणि मारबत होईपर्यंत तिथले दोन-तीन जण तुम्हाला नावाने ओळखू लागतील, आणि आखणीच्या दिवसांत, जेव्हा बाहेरच्या कोणाला आत उभं करत नाहीत, तेव्हा तुम्हाला बसायला स्टूल मिळेल.